फाटक्या कानाचं घराणं

"माझे पूर्वज सापडत नाहीत म्हणजे काय? ते काय लपून बसलेत?" असं आचार्य कोर्टाच्या दप्तरखान्यातल्या कारकुनाला म्हणाले, आणि इतकं खरं वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदाच बोललो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आचार्य हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर भेटेल त्याला धरून ते इतिहास सांगू लागले, तेव्हा कॉलनीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं. कौतुकानं ठेवलं नव्हतं. पण आचार्यांना तो किताबच वाटला आणि त्यांनी तो दारावरच्या पाटीवर लिहून घेतला.

मुलाचं लग्न ठरत आलं होतं. म्हणजे मुलानं आणि मुलीनं ते केव्हाच ठरवलं होतं, थोरांनी फक्त मान हलवायची होती. मुलीचे वडील दातांचे डॉक्टर, आई वकील. माणसं साधी. पण त्यांच्या बैठकीत चार पिढ्यांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या होत्या आणि आचार्यांच्या बैठकीत गॅस एजन्सीचं कॅलेंडर. त्या तसबिरी पाहून आचार्यांच्या पोटात दुखू लागलं. कुणी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "आमचे पणजोबा न्यायाधीश होते."

याला पुरावा काय? तर आजोबा एकदा म्हणाले होते, आमचे वडील रोज कोर्टात जायचे. बस्.

"कोर्टात रोज झाडूवालाही जातो," घरी आल्यावर बायको म्हणाली. "आणि तुमचे आजोबा बापाबद्दल दुसरं कधी काही बोलले नाहीत, ते का?"

"विनयामुळे," आचार्य म्हणाले.

"पुढच्या महिन्यात ते लोक घर बघायला येतायत. नसती उठाठेव करून पोराचं लग्न मोडू नका, एवढंच सांगते."

पण ऐकतील तर ते आचार्य कसले? दुसऱ्याच दिवशी ते जुन्या कोर्टाच्या दप्तरखान्यात जाऊन बसले. न्यायाधीशांच्या यादीत पणजोबा नव्हते. यादी अपुरी आहे, असा निकाल आचार्यांनी दिला आणि ते साक्षीदारांच्या जबान्यांकडे वळले. तिथे मात्र पणजोबांचं नाव सापडलं. साक्षीदार धंद्यानं वैद्य. आचार्य हरखले. पुढच्या दाव्यात तेच नाव, तेच गाव, पण धंदा सराफीचा आणि बापाचं नाव वेगळं. मग एक जमीनदार, मग एक शाळामास्तर, मग एक घोड्यांचा व्यापारी. नाव आणि गाव तेच, बाप दर वेळी नवा.

शहाणा माणूस इथे थबकला असता. आचार्यांना मात्र साक्षात्कार झाला. नातवाला आजोबाचं नाव ठेवतातच की! एका आजोबाचे पाच मुलगे, पाचांना एकेक मुलगा, आणि पाचही नातवांना त्या एकाच आजोबाचं नाव. म्हणजे हे पाच चुलतभाऊ. शिवाय प्रत्येक जबानीच्या माथ्यावर साक्षीदाराच्या ओळखीची खूण लिहिलेली होती, आणि पाचही ठिकाणी ती एकच होती: डाव्या कानाची पाळी फाटलेली.

"रक्त बोलतं ते असं," आचार्य घरी येऊन म्हणाले आणि त्यांनी मुलाचा कान धरून खिडकीशी ओढला. मुलाचा कान चांगला धडधाकट निघाला. मग ते आरशासमोर स्वतःचा कान ताणून बसले आणि दाढी करताना झालेली एक जुनी जखम दाखवून म्हणाले, "ही बघा."

जबान्यांच्या नकला त्यांनी घेतल्या, पण वाचला तो फक्त माथा. खाली लोकांची भांडणं, त्यांच्याशी आपल्याला काय करायचंय? पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून त्यांनी बैठकीच्या भिंतीवर झाड काढून घेतलं. पाच फांद्या, पाच गोल, प्रत्येक गोलात फाटक्या कानाचा एक मिशीवाला. त्यातले आपले पणजोबा कोणते, हे आचार्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी स्वतःची डहाळी मधोमध काढली. झाड ओलं होतं म्हणून सोफा खोलीच्या मध्यावर ओढावा लागला, आणि बायको दिवसभर त्याला अडखळत आचार्यांचा उद्धार करत राहिली.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी झाडाकडे पाहिलं आणि सवयीनं पाचही जणांचे दात न्याहाळले. वकीलबाई मात्र कानांकडे बघत होत्या.

"या सगळ्यांचा एकच कान फाटका?" त्यांनी विचारलं.

"घराण्याची खूण," आचार्य छाती फुगवून म्हणाले. "कागद आहेत ना." त्यांनी नकलांचा गठ्ठा वकिलाच्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वकीलबाईंनी सवयीप्रमाणे शेवटचा कागद आधी काढला. त्याच्या तळाशी न्यायाधीशांचा शेरा होता. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"वाचू?" त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं वाचा," आचार्य म्हणाले.

"'घोड्यांचा व्यापारी म्हणवणारा हा इसम पैसे घेऊन साक्ष देतो. याच कोर्टापुढे तो पूर्वी वैद्य, सराफ, जमीनदार व मास्तर म्हणून उभा राहिलेला आहे. प्रत्येक वेळी त्याने निराळा बाप सांगितला. आज कानावरून ओळखला गेला. खोट्या साक्षीबद्दल सक्तमजुरी.'"

मुलगा पांढराफटक पडला. भिंतीवरचा पूर्वजांचा गोतावळा बघता बघता एका माणसावर आला.

"मग या पणजोबांचे खरे वडील कोणते?" दातांच्या डॉक्टरांनी अगदी सरळपणे विचारलं.

"पाचांपैकी कुणीच नसावेत," वकीलबाई म्हणाल्या.

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात," बायको म्हणाली. "आमच्याकडे पाच दाखवले, तरी पंचाईतच."

आचार्यांनी तोंड उघडलं. "त्या काळी कोर्टाचं वातावरण..." एवढं म्हणून त्यांनी ते मिटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि त्यांना खरोखर भीती वाटली. पोराचं लग्न आपल्या बढाईनं मोडलं, हे त्या क्षणी त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा," ते पडेल आवाजात म्हणाले. "तो खोटं बोलत नाही. माझ्यावर गेलेला नाही."

वकीलबाईंनी नकला नीट जुळवल्या, गठ्ठा आचार्यांच्या हातात परत दिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"लग्न होऊ द्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला मुलगा पसंत आहे, पणजोबांशी संसार करायचा नाहीये."

मुलानं सुटकेचा श्वास टाकला. आचार्यांना तर इतका जोर आला, की त्यांनी लगेच हात जोडले आणि म्हणाले, "तुमची काही अट, काही अपेक्षा असेल तर मोकळेपणानं सांगा."

"एकच," वकीलबाई पर्स उचलत म्हणाल्या. "लग्न नोंदवताना साक्षीदार लागतात. ते आमच्याकडचे घेऊ."