बाबांना दिवाळखोर व्हायचं होतं

आमच्या घरी मोठे निर्णय भात वाढल्यावर जाहीर होतात, कारण तेव्हा कोणी उठून जाऊ शकत नाही. त्या दुपारी बाबांनी भातात वरणासाठी खड्डा केला आणि शांतपणे सांगितलं, "मी आता दिवाळखोर होतो."

"आधी जेवा," आई म्हणाली. "भात थंडा होऊन राह्यला."

"मजाक नाई करून राह्यलो. कायद्यात हाय तसं. कोर्टात अर्ज देवाचा, का साहेब, मी बुडालो. मंग कोणी वसुलीले दारात येत नाई."

"आन् बँड?"

"बँड बंद. मी जातो तेलंगणात, मिरच्या तोडाले."

आईने वरणाचा चमचा पातेल्यात ठेवून दिला. मीही जेवणं थांबवलं. आमच्या गावातून दरवर्षी माणसं मिरची तोडायला जातात, त्यात नवल काही नाही. पण बाबांची बोटं क्लॅरिनेटवर चालतात. ती मिरचीच्या झाडावर चालताना मला दिसेनात. (आणि बाबांना तिखट सोसत नाही. भाजीत एक मिरची जास्त पडली तरी त्यांना उचकी लागते.)

बुडण्याचं कारण आमच्या घराच्या मागे उभं होतं. दोन वर्षांपूर्वी लग्नवाले म्हणू लागले, साधा बँड नको, धुमाल पाहिजे. म्हणजे ट्रकवर ढोल-ताशे, कीबोर्ड, रंगीत दिवे. बाबांनी नागभीडच्या गफ्फारभाईंकडून एक जुना छोटा ट्रक हप्त्यांवर घेतला. दोन लग्नं छान वाजली. तिसऱ्या लग्नात ट्रक वाटेतच बंद पडला. वऱ्हाडी धक्का मारत राहिले आणि नवरदेव पायी पुढे निघून गेला. तेव्हापासून ट्रकमध्ये आमच्या कोंबड्या अंडी घालतात. आई ती विकते. ट्रकचं उत्पन्न तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन सिंदेवाहीला गेले. तिथे माझ्या आत्याचा मुलगा निकेशदादा नुकताच वकील झाला आहे. मला नेण्याचं कारण असं की माझं अक्षर चांगलं आहे. दुसरं कारण बाबांनी बसमध्ये सांगितलं. "तू संग असली का तो फी नाई मांगत. बहिनीसमोर लाजते."

निकेशदादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामाजी, कर भरले का?"

"कोनते?"

"घरपट्टी, पाणीपट्टी, गाडीचा कर."

"गाडी त उभी हाय."

"उभ्या गाडीचाही लागते."

"म्हनजे ते चालत नाई, तरी तिचा कर चालूच?"

"हो. आन् सावकार, दुकानदार, ह्यायचं पुढं कोर्ट पाहन. पण सरकारी कर दिवाळ्यात बुडत नाई, मामाजी. तो पह्यले मिटवा. मंग अर्जाचा खर्च, मंग चंद्रपूरच्या चकरा."

"निकेश, म्हनजे बुडाचं असन तरी पैसे लागते?"

"लागतात."

"आन् पैसे असते त मी बुडालो काऊन असतो?"

निकेशदादाने करांची यादी लिहायला माझ्यापुढे कागद सरकवला.

बसमध्ये बाबांचा चेहरा मात्र उजळला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापुढे काही ध्येय होतं. दिवाळखोर होण्यापुरते पैसे कमवायचे.

सुरुवात घरपट्टीपासून करायची होती, म्हणून आम्ही मुदत मागायला ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या अधिकारी रुखसार मॅडम नागभीडहून स्कुटीने येतात आणि थकबाकीदार त्यांना दुरून ओळखू येतो. दारात बाबांनी मला पुढे ढकललं, कारण लहान मुलीसमोर कोणी रागावत नाही. मी बाबांच्या मागे गेले, कारण मला अनोळखी माणसांसमोर घाम फुटतो. बाबांनी मला परत पुढे घेतलं. मी परत मागे गेले. अशा गोल गोल फेऱ्या घेत आम्ही मॅडमच्या टेबलापर्यंत पोचलो.

मॅडम शिपाई मंगरूभाऊंशी बोलत होत्या. "नोटिसा देऊन थकले. काही गावांमध्ये थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवतात म्हणे. लाजेने पैसे भरतात लोक. आपणही वाजवू. पण बँडवाला कुठून आणायचा?"

बाबा तिथे 'मॅडम, मुदत द्या' असं म्हणायला गेले होते. बसमध्ये त्यांनी ते वाक्य तीनदा घोकलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"किती मानसायचा पाह्यजे?"

मंगरूभाऊंना खोकला आला. मॅडमनी चष्मा वर केला. "लटारूभाऊ, तुम्ही वाजवाल?"

"काऊन नाई? सकाळपासून दुपारपर्यंतचा एक रेट, दिवसभराचा अल्लग. ड्रेससहित."

मॅडमनी मंगरूभाऊंना समोरच्या दुकानात पाठवून सुपारी आणवली, तिच्यासोबत एक नोट ठेवली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती कपाळाला लावली. बँडवाल्याने एकदा सुपारी कपाळाला लावली की विषय संपला. मग ताप येवो, पूर येवो, वाजवायला जावंच लागतं. बाबा तर एकदा दाढ काढलेल्या दिवशी क्लॅरिनेट वाजवून आले होते.

घरी आल्यावर बाबांनी आनंदाने आईला सुपारी दाखवली. "बुकिंग! पूर्ण गावचं!"

"कायचं?"

"ज्यायनं कर भरला नाई, त्यायच्या दारात वाजवाचं."

आईने सुपारीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आन् आपल्या दारात कोन वाजवन?"

तेव्हा कुठे बाबांना उमगलं.

"वापस देऊन या," आई म्हणाली.

"कपाळाले लावली ना वं."

आता आणखी एक अडचण निघाली. आमचा खुळखुळेवाला चंदन वडसाच्या नाटक कंपनीत गेला होता. नाटकात तो इन्स्पेक्टर आहे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला खुळखुळ्यात रस नव्हता. बाबांनी घरात नजर फिरवली. आईला विचारायची सोय नव्हती. उरलो मी आणि कोंबड्या.

"मी नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधीच बोलले नव्हते. पण 'बँड बंद' हे शब्द अजून माझ्या कानात होते, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाले नाही. (माझं नाव चंचल आहे. ते ठेवताना कोणी घाई केली, हे मला आजही कळलेलं नाही.)

सोमवारी सकाळी मी चंदनचा सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट घालून निघाले. कोट गुडघ्यापर्यंत आला होता. मी मोठ्या ढोलाच्या मागे जागा पकडली.

पहिलं दार इसरूकाकांचं. बाबांनी वरातीची धून सुरू केली. आमच्या भागात दारात बँड वाजला की घरातली माणसं नाचतात, मग तो कशासाठीही वाजो. काकांची नातवंडं नाचली, सून नाचली, शेवटी स्वतः काका कमरेला हात लावून नाचले. बँडवाल्यांना चहा आला. शेजारच्यांनी विचारलं, "इसरूभाऊ, कोनाचं जमलं?"

"मालूम नाई बा. पण वाजून त मस्त राह्यला!"

कर मात्र एक रुपयाही आला नाही. मॅडम बाबांच्या कानाशी ओरडल्या, "लटारूभाऊ, ही वसुली आहे, वरात नाही!"

"मॅडम, दारात जाऊन रडकं कसं वाजवाचं?" बाबा म्हणाले आणि एकदम थांबले. "रडकंच वाजवू का?"

पुढच्या दारात बाबांनी बिदाईची धून काढली. मुलगी सासरी निघते तेव्हाची. ते घर गुणाबाईंचं. त्यांच्या दिव्यानीचं लग्न याच उन्हाळ्यात झालं होतं. गुणाबाई हातात सूप घेऊन बाहेर आल्या, दोन सूर ऐकले आणि हंबरडा फोडला. त्या रुखसार मॅडमच्या गळ्यात पडल्या, मग माझ्या गळ्यात पडल्या. रडत रडत आत गेल्या आणि डब्यातून पूर्ण घरपट्टी काढून आणली. "घ्या बाई. पण हे बंद करा. मले पोरीची याद येऊन राह्यली."

मग त्या थांबल्या. दारात वाजलेला बँड रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. त्यांनी एक नोट बाबांवरून ओवाळली आणि ढोलात खोचली.

यानंतर आम्हाला फार वाजवावं लागलं नाही. ज्या घरात लेक सासरी गेली नाही असं घर गावात आहेच कुठे? लोक आधीच पैसे घेऊन दारात उभे राहू लागले. एक जण तर धावत आला. "लटारूभाऊ, इथी नको वाजवू बापा! मायच्या डोयाचं आपरेशन झालं हाय, रडाची मनाई हाय! हे घे पट्टी, आन् हे तुह्यासाठी!"

दुपारी आमची गल्ली आली. बाबांनी बँड हळूच डावीकडे वळवला. मॅडमनी तो उजवीकडे वळवला.

आमच्या दारात आई उभी होती, कमरेवर हात ठेवून. अख्खं गाव मागे जमलं होतं. वाजणारं सगळं बंद पडलं. फक्त माझा खुळखुळा वाजत राहिला, कारण थांबायचं कधी हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"लटारूभाऊ, वाजवा," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी घसा साफ केला. "मॅडम, या घरचा मालक घरी नाई."

"कुठे गेलेत?"

"कामावर गेला हाय. बँड वाजवून राह्यला."

गर्दीत हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण हाताने 'वाजवा' अशी खूण केली. मग बाबांनी डोळे मिटले आणि स्वतःच्याच दारात बिदाई वाजवली. दिवसभरात इतकी सुरेख वाजली नव्हती. मला वाटलं, ते बँडलाच निरोप देत आहेत. आईनेही तसंच ऐकलं असावं. तिने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात आमच्या घरातून गफ्फारभाई बाहेर आले. ते ट्रकच्या हप्त्यासाठी येऊन बसले होते. समोर बँड, गर्दी आणि लाल कोट पाहून गोंधळले. "अरे लटारू, मी काय नवरदेव आहे का? इतकं स्वागत कायले?"

"स्वागत नाई भाई, वसुली हाय," बाबा म्हणाले. "माह्याकडली."

गफ्फारभाईंना सगळी हकिगत आईने सांगितली, दिवाळ्यासकट. ते ओट्यावर मटकन बसले. "तू बुडाला त मला काय भेटन? हा ट्रक? तो मीच तर विकला, मला नाही का माहीत कसा आहे ते!" त्यांनी पूर्ण रस्ता भरलेल्या गर्दीकडे पाहिलं, ढोलात खोचलेल्या नोटांकडे पाहिलं. "असं काम भेटून राह्यलं त दर महिन्याला थोडं थोडं दे. ते कोर्टाचं खूळ डोक्यातून काढ." आणि त्यांनीही एक नोट ओवाळली. (नंतर ती हप्त्यात धरली.)

मॅडमनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हिशोब केला. बाबांच्या बिदागीतून आमची घरपट्टी आणि पाणीपट्टी वळती केली, उरलेले पैसे हातात दिले आणि म्हणाल्या, "आज गावात सगळ्यात आधी पूर्ण थकबाकी भरायला हवी होती तुम्ही. भरली सगळ्यात शेवटी. पण भरली." ओवाळणीच्या नोटा वाजवणाऱ्यांत वाटून झाल्या, तरी बाबांच्या वाट्याला गाडीच्या कराइतके पैसे आले.

आठवडाभरात बाबा सगळ्या पावत्या घेऊन परत निकेशदादाकडे गेले. मीही होते.

"आता करू अर्ज?" बाबांनी विचारलं.

"मामाजी, कर भरला, मुख्य घेणेकरी हप्ते घ्यायला तयार, आन् तुमचा धंदा चालू. आता कोर्टात काय सांगू? बुडालेला माणूस दाखवा म्हनतील."

बाबांचा चेहरा पडला. "म्हनजे एवढं करून मले दिवाळखोर बी होता येत नाई?"

पण घरी येताना त्यांनी बसमध्ये बोटांनी समोरच्या दांडीवर क्लॅरिनेट वाजवलं. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. तेलंगणाचा विषय कोणी काढला नाही.

त्या संध्याकाळी सावली तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीतून फोन आला. रुखसार मॅडमनी आमच्या वसुलीचे फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकले होते. पाठोपाठ आणखी दोन गावांचे फोन आले. बाबा बोलत होते, आई हसत होती, आणि मी मोठ्या मनाने ठरवलं की चंदन परत येईपर्यंत आपण खुळखुळा सांभाळायचा. शेवटी बँड वाचवण्यात माझाही थोडा हात होता. एखाद्या गावाने मुद्दाम माझं नाव घेतलं असेल, असंही मला आतून वाटत होतं.

आणि खरंच घेतलं होतं. बाबांनी फोन ठेवला आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

"चंचल, तिघायची बी एकच अट हाय. ढोलामागची पोरगी आनाच म्हनते. तिचा रडका चेहरा पाहूनच लोकायचं मन पिघळते, म्हनते. बिदाई नाई वाजवली तरी चालन."

मी मॅडमनी टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. त्यात मी खुशीने हसत होते.