साडेसहाचा खांब

मीटरच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! हॉर्शम गावात एकतीस वर्षं मी घरोघरी फिरून मीटर वाचले. चौदा कुत्री चावली, एक बदकही चावलं. पुढे स्मार्ट मीटर आले, ते आपले आपणच वाचले जाऊ लागले आणि मी घरी बसलो. असल्या मीटरला मी, क्लॅरी हॉबडे, गुंडाळणार नाही, तर कोण गुंडाळणार?

मर्ल, माझी बायको, गेल्या हिवाळ्यात गेली. मुलगी ब्रॉनविन ब्रिस्बेनला असते. तिचा एकच धोशा, बाबा, वृद्धाश्रमात चल. मी म्हटलं, या घरातून मी आडवाच निघेन. शेवटी तिनं तोड काढली. घरातला स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाची वीज मोजतो आणि तिच्या फोनवरच्या आलेखात खांब उभे करतो. सकाळी साडेसहाला माझी किटली चालू झाली की एक खांब वर येतो. खांब दिसला की बाप धडधाकट. चुकला, की आश्रमाचा अर्ज!

वर्षभर एकही खांब चुकला नाही. मग वीज कंपनीनं जाहीर केलं, सकाळी अकरा ते दुपारी दोन वीज फुकट. फुकट ते पौष्टिक! धुणं, इस्त्री, हीटर, सगळं मी त्या तीन तासांत कोंबलं. शुक्रवारी तर मी कमालच केली. दुपारच्या फुकट विजेवर पाणी उकळलं आणि दुसऱ्या दिवशीच्या चहासाठी थर्मासमध्ये भरून ठेवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची.

शनिवारी सकाळी तो कोमट चहा घेऊन मी टबात बसलो. कानातली यंत्रं काढून खिडकीत ठेवली होती. तिकडे ब्रिस्बेनला खांब उगवला नाही. ब्रॉननं अकरा वेळा फोन केला, मग शेजारच्या नोलाला उठवलं. नोलानं दार बडवलं, मग पोलिसाला बोलावलं. पोलिसानं मागच्या दाराची काच फोडली. मला यातलं काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा मी मर्लला फुकट विजेची गंमत सांगत होतो. सवय आहे, जात नाही. पोलिसानं ते वहीत लिहून घेतलं.

आमच्याकडे कोणी वारलं की शेजारीण कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेलं मटण, घेऊन येते. नोला ते आधीच घेऊन आली होती! मला जिवंत बघून ती रडली, आणि जाताना कॅसरोल परत घेऊन गेली.

अंग पुसून मी ब्रॉनला फोन लावला. थर्मासची सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर आहे, अर्ज भरू नकोस.

"किटलीचं सोड, बाबा. मला मागचेही खांब दिसतात. आई होती तेव्हा संध्याकाळी सहाला केवढा उंच खांब असायचा. तिच्या विजेच्या शेगडीचा. ती गेल्यापासून तो एकदाही उभा राहिलेला नाही."

"मी क्लबात जेवतो."

"मी क्लबात विचारलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी सकाळचा एक खांब सांभाळत बसलो होतो, आणि ही रोज संध्याकाळची रिकामी जागा बघत होती.

"एक आठवडा देते," ती म्हणाली. "सहाचा खांब दिसला नाही, तर मी येऊन तुला घेऊन जाईन."

सोमवारी सहाच्या ठोक्याला मी शेगडी चालू केली. तिच्या चारही चकत्या तापवल्या, शिवाय ओव्हनही लावला. तासाभरानं तिचा निरोप आला. काय केलंस?

मेंढीचे चॉप्स आणि वाटाणे, मी लिहिलं.

आईसारखे जमले का?

"नाही," एवढंच लिहिलं, आणि रिकाम्या शेगडीपाशी उभ्यानंच ब्रेडला चीज लावून खाल्लं.