सामना संपेपर्यंत हातमोजे

कायद्याला न जुमानणारी विषमता चेंडूपुढे मात्र नांगी टाकते, हे आता सिद्ध झालं आहे. म्हणूनच सफाई खात्याने साहेब आणि कामगार यांचा एकत्र फुटबॉल सामना भरवला. (सामन्यापूर्वी समता एकोणीस टक्के होती, मध्यंतरापर्यंत चौऱ्याहत्तर झाली. मोजणी टाळ्यांवरून.)

गोलरक्षक म्हणून दादांना नेमलं. दादा पंचवीस वर्षं गटारात उतरत होते. चेंडूंशी ओळख होती ती तिथून काढलेल्या चेंडूंपुरती. पण काचेने कापलेलं त्यांचं बोट चिघळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "बोट हवं असेल तर उघड्या हाताने घाणीत जाऊ नका." दादांनी हातमोज्यांसाठी तीन अर्ज केले. उत्तर आलं: मोज्यांची तरतूद सफाईसाठी नाही, गोलरक्षणासाठी आहे. सामना संपताच जमा करावेत.

"अहो, मग संपूच देऊ नका की," बायको म्हणाली.

"शिट्टी पंचाकडे असते."

"तीही मागून बघा. चौथा अर्ज."

दादांनी सात गोल खाल्ले. मोजे मात्र छान बसले. शेवटी मोठे साहेब भारावून म्हणाले, "न्यायाचा हा सामना आज संपलेला नाही. तो चालूच राहील." कारकुनाने इतिवृत्तात तसंच लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी भांडारपालाने मोजे मागितले. दादांनी इतिवृत्त पुढे केलं.

"सामना चालू आहे खरा," नियमाचा पक्का भांडारपाल म्हणाला, "पण मग तुम्ही गोल सोडून इथे काय करताय?"

मुद्दा बिनतोड होता. दादांची नेमणूक गोलखांबांमध्ये झाली, आठ ते पाच. सोळा दिवसांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. (समोर कोणी नव्हतं, पण नोंद ती नोंद.) बोटाची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, "अजून पंधरा दिवस. मग बोट तुमचं."

तेवढ्यात तुमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. सामन्यात टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या, पण दारात पाणी आल्यावर हौस किती पुरणार? तुम्ही तक्रार केलीत: कामगार मैदानात, घाण आमच्या उंबऱ्याशी. खात्याने तत्परता दाखवली. पंचाला घरून बोलावून शिट्टी वाजवली, मोजे जमा केले आणि त्याच दुपारी दादांना तुमच्या दारासमोर उतरवलं.

पाणी तासाभरात गेलं. 'सेवेबद्दल समाधानी आहात का?' या प्रश्नावर तुम्ही पाचपैकी चार तारे दिलेत. एक कापलात, कारण माणूस एकाच हाताने काम करत होता.