झरा आहे!

तर बाळांनो, चुळबूळ थांबवा आणि नीट ऐका. एका जंगलात झाडांपेक्षा याद्या जास्त होत्या.

वाचनालयाची यादी हुपाजी वानराकडे असे. संग्रहालयाची मुंगसाजीकडे. जुन्या कागदांचा दप्तरखाना सांभाळायच्या द्वारकाबाई साळिंदरीण. तिघांकडे तीन संगणक होते. ते शेजारी शेजारी नांदत, पण एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

त्या वर्षी उन्हाळा भलताच कडक निघाला. तळं आटलं. एक हरिणी दोन पाडसांना घेऊन दप्तरखान्यात आली. पाडसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

"द्वारकामावशी, न आटणारा एक झरा आहे म्हणे. आमच्या सासूबाई सांगायच्या. बघा ना जरा!"

द्वारकाबाईंनी बघितलं. जुन्या नकाशावर झरा होता. 'सूर्य निघतो तिकडं, काटेरी जाळीमागं.' पण काटेरी जाळ्या जंगलात पन्नास! त्या तुरुतुरु हुपाजीकडे गेल्या. तिथे झऱ्याच्या एका गाण्यात होतं, 'उगवतीला, करवंदीच्या आड.' मुंगसाजीकडे एका झऱ्यावर सापडलेली घागर होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पूर्वेस, टेकडीखाली.'

"अहो, हा एकच झरा!" द्वारकाबाईंचे काटे आनंदाने ताठ उभे राहिले. "तिन्ही याद्या जोडा, की पाणी सापडलं!"

"जोडू या की!" हुपाजीने टुणकन उडी मारली. "पण आधी नियम ठरवू!"

झालं! समिती बसली. वाघोबांनी येऊन तिन्ही संगणकांना हार घातले. मुंगसाजी इतका हरखला, की स्वतःच्याच शेपटीभोवती सात गिरक्या घेऊन बसला. मग नियम ठरला. तिन्ही याद्यांत जे अक्षरशः सारखं असेल, तेच ठेवायचं. बाकीचं पुसायचं.

'सूर्य निघतो तिकडं', 'उगवतीला' आणि 'पूर्वेस'. पुसलं!

"अहो, दिशा एकच आहे!" द्वारकाबाई कळवळल्या.

"दिशा असेल हो. शब्द कुठे जुळतायत?" हुपाजी म्हणाला.

काटेरी जाळी गेली. करवंद गेलं.

"करवंदीलाच काटे असतात ना?"

"असतील. पण रकान्यात नाहीत." आणि मुंगसाजीने टेकडीही उडवली.

अखेर तिन्ही पडद्यांवर एकाच वेळी, एकाच अक्षरात उमटलं, 'झरा आहे.'

काय तो जल्लोष! हुपाजी तर फांदीला उलटा लटकून आनंदाने रडला. धाकटं पाडस मात्र गुडघे टेकून खाली बसलं. ते पाहून द्वारकाबाई उठल्या.

"चल गं पोरी. मला तिन्ही याद्या पाठ आहेत."

त्या उगवतीला निघाल्या. टेकडी लागली. टेकडीखाली करवंदीची दाट जाळी. द्वारकाबाई काट्यांना काटे भिडवत आत घुसल्या, आणि त्यांच्या नाकाला गार, ओला वारा लागला. पाडसांनी थेट मुंडकीच पाण्यात घातली. आयुष्यभर कागदाची धूळ खाल्लेल्या द्वारकाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि धप्पकन उडी मारली! बातमी फुटली. ससे आले, रानडुकरं आली, अर्धं जंगल डुंबायला लागलं.

इकडे हुपाजी भाषणाला उभा राहिला, तर घशाला कोरड.

"मुंगसाजी, पाणी कुठाय हो?"

मुंगसाजीने बटण दाबलं. 'झरा आहे.' पुन्हा दाबलं. 'झरा आहे.' शेजारच्या संगणकावरही, 'झरा आहे.'

"वा! एका अक्षराचा फरक नाही!" हुपाजी सुकल्या ओठांनी म्हणाला.

एवढ्यात लांबून डुबुक् डुबुक् ऐकू आलं. समितीने त्याची रीतसर नोंद केली, 'आवाज, अप्रमाणित.' आणि मग वाघोबांसकट अख्खी समिती शेपट्या वर करून त्या आवाजाच्या दिशेने धूम पळत सुटली.

तात्पर्य: तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, तर त्याला गोंधळ म्हणतात. तिन्ही ठिकाणी काहीच हाती लागलं नाही, की व्यवस्था सुधारली असं समजावं. फक्त सुधारणा होण्यापूर्वी पोटभर पाणी पिऊन घ्यावं.