तीतस बेडकाची कोरडी सहामाही

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक विद्यापीठ होतं. लहानसं, खाजगी. नाव तळेकाठ बाप्तिस्त विद्यापीठ. विद्यार्थी सदतीस, शिक्षक बारा. म्हणजे एका शिक्षकामागे तीन विद्यार्थी, आणि एक उरला. आपली गोष्ट त्या उरलेल्याची आहे.

आधी विद्यापीठाची ओळख करून घेऊ. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘इथे आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ सकाळच्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती. नाचायला बंदी होती, म्हणून मोर दर पावसाळ्यात रजा टाकायचा.

आणि पदवीआधी बुडी घ्यावी लागे. बाप्तिस्त हा ख्रिस्ती पंथ, त्याची रीतच तशी. बुडी पूर्ण हवी, डोक्यावर पाणी शिंपडून भागत नसे. ती स्वतःच्या मर्जीने हवी, तान्हेपणी कुणी बुडवलं असेल तर ते धरत नसत. बुडीआधी काठावरच्या दगडावर उभं राहून साक्ष द्यायची, की मी आधी कसा होतो आणि आता कसा होणार. हत्तीच्या बुडीला अख्खा दिवस लागला, कारण काही केल्या पाठ वरच राहायची. शेवटी तो आडवा झाला.

उरलेला विद्यार्थी म्हणजे तीतस बेडूक. इतरांना पोहायला त्यानेच शिकवलं होतं. पोहण्याच्या विभागप्रमुख होत्या दीनाबाई कोंबडी. त्या आयुष्यात एकदाच पाण्यात गेल्या होत्या, स्वतःच्या पदवीच्या वेळी. तीतसला वाटायचं, आपणही पदवी घ्यावी आणि हे काम रीतसर करावं. त्याच्या आईला, मार्थाबाईंना, त्याला काळ्या झग्यात बघायचं होतं. तसं शेजारणींना सांगूनही झालं होतं.

तीतस दगडावर चढला. समोर कुलगुरू शलोमीबाई म्हैस बसल्या होत्या.

“बुडीआधी तू कसा होतास?” त्यांनी विचारलं.

“ओला,” तीतस म्हणाला.

“आणि बुडीनंतर कसा होशील?”

“ओलाच, बाई.”

सभेने खुलासा मागितला. तीतसने समजावून सांगितलं, की तो जन्मापासून पाण्यातच आहे. शलोमीबाई म्हणाल्या, जन्माचं सोड, तो तुझ्या आईचा निर्णय. मग दीनाबाईंनी तोडगा काढला. फरक दिसायला हवा, तेव्हा याला एक सहामाही कोरडा ठेवा. ठराव एकमताने मंजूर झाला. तीतसनेही हात वर केला. एरवी शहाणा मुलगा, पण पदवीपुढे भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

त्याला माळावरच्या खडकावर बसवलं. तिसऱ्या दिवशी कातडीला भेगा पडल्या. पाचव्या दिवशी त्याची हाक बाहेर पडेना. सहाव्या दिवशी मार्थाबाई अळवाच्या पानात पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी ते पोरावर शिंपडलं. नेमक्या तेव्हाच दीनाबाई तपासणीला आल्या.

प्रकरण सभेपुढे गेलं. दोन बैठका झाल्या. नियमांचं पुस्तक काढलं, आणि शलोमीबाईंनी निर्णय वाचून दाखवला. “या विद्यापीठात शिंपडलेलं पाणी धरत नाहीत. सबब, विद्यार्थी कोरडाच आहे.”

तेव्हापासून मार्थाबाई दिवसातून दोनदा यायच्या, उन्हातून, तो माळ तुडवत. त्या शिंपडायच्या आणि दीनाबाई शेजारी उभ्या राहून वहीत ‘कोरडा’ असं लिहायच्या. तीतस जगला तो असा.

सहामाही संपली. तीतस पुन्हा दगडावर चढला. अंगावर नुसत्या सुरकुत्या होत्या. समोर तळं दिसत असून आपण त्यात उतरलो नाही, हे त्याने सांगितलं. भेगांचं सांगितलं. हत्ती रडला.

“मग तगलास कशावर?” शलोमीबाईंनी विचारलं.

मार्थाबाई पहिल्या रांगेत होत्या. पान अजून हातात होतं. तीतसने त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगावं, तर शिंपडलेल्या पाण्याने जीव वाचतो असं कबूल केल्यासारखं होणार होतं. मग कसली पदवी? त्याने झग्याकडे बघितलं.

“बुडीच्या आशेवर,” तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुडी फार सुंदर झाली. नंतर मार्थाबाई झगा नीट करायला पुढे आल्या.

“बरं झालं माझं नाव नाही घेतलंस,” त्या हळूच म्हणाल्या. “उगाच तुझं अडलं असतं.”

त्या मनापासून म्हणाल्या, हेच वाईट. मी शेजारीच उभा होतो. मला तीतसचा फार राग आला होता, पण त्याची मान वर होईना हे बघून मी गप्प बसलो.

पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलं, ‘आमचा विद्यार्थी सहा महिने पाण्यावाचून जगला.’ चाळीस बेडकांनी प्रवेश घेतला. चाळिसांनाही माळावर बसवलं. दुसऱ्याच दिवशी अळवाची पानं घेऊन त्यांच्या आया फाटकाशी आल्या. तिथे सूचना लावलेली होती. साक्षीत गोंधळ होऊ नये, म्हणून पालकांना पाण्यासह आत सोडले जाणार नाही. खाली सही होती: तीतस, विभागप्रमुख.

तात्पर्य: मुलांनो, आई कितीही पाणी घेऊन आली तरी ते नियमात बसत नसेल, तर तिचं नाव घेऊ नका. आणि आज घरी जाताना वाटेत कुठे भिजू नका, पुढेमागे साक्ष द्यायला अडचण येईल.