निंबाची घागर

आमचे शेजारी दगाआप्पा देवळासमोर चपला काढत नाहीत, झाडाखाली काढतात. लोणखेड्याहून शहाद्याला पायी जाताना सावली लागली की थांबणार, चपला हातात घेणार आणि सावली संपली की पुन्हा घालणार. अर्ध्या तासाच्या वाटेला त्यांना पूर्वी तास-दीड तास लागायचा. रस्ता रुंद झाल्यापासून ते वेळेवर पोहोचतात. याचं त्यांना फार वाईट वाटतं.

"पयले सावली, मंग देव," हे त्यांचं पालुपद. आमच्या गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपासाठी पिंपळ तोडला आणि पुढच्याच उन्हाळ्यात गाभाऱ्यात कूलर बसवला. आप्पांनी भर बैठकीत विचारलं, देवाला उकाडा होतो हे त्याने पिंपळ तोडायच्या आधी सांगितलं नव्हतं का? तेव्हापासून त्यांना बैठकीचं बोलावणं येत नाही.

तेव्हा मी हसलो होतो. मला हसायचा अधिकार नव्हता. मी कॉलेजात पर्यावरण शिकवतो, आणि वडील गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी लावलेला अंगणातला निंब मी तोडला. नव्या गाडीवर पाखरं घाण करत होती, एवढंच कारण. आता तिथे पत्र्याची शेड आहे आणि एप्रिलात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. आप्पा त्या दिवशी भांडले नाहीत. खुंट तेवढा राहू दे, इतकंच म्हणाले.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सकाळी उठून बघतो तर त्या खुंटावर भरलेली मातीची घागर, वर आंबा, हळदकुंकू. बायको घाबरली. कुणीतरी करणी केली म्हणाली. मी विज्ञानाचा पदवीधर. मी लांबूनच काठीने घागर आडवी केली आणि आंबा चिमट्याने उचलून गटारात टाकला.

कुंपणापलीकडे आप्पा उभे होते. "मास्तर, निंबनं पानी सांडी दिन्हं तू."

आमच्याकडे आखाजीला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, पण ती घरात. आप्पा तोडलेल्या झाडांच्या नावानेही भरतात. देवळातल्या गुरुजींनी त्यांना समजावलं, की घागर वंशजाने भरायची असते. आप्पा म्हणाले, "मंग आपुन झाडना कोन?" गुरुजी अजून विचार करताहेत. मीही. दरवर्षी मी फळ्यावर कार्बनचं चक्र काढतो, बाण दाखवतो. त्यात हे नातं कुठे बसवायचं, मला कळत नाही. संध्याकाळपर्यंत कुत्री आणि पाखरं घागरी रिकाम्या करतात. पितर येऊन गेले, असं आप्पा समाधानाने सांगतात.

यंदा त्यांचे गुडघे गेले. आखाजीला त्यांच्याकडे गेलो, तर ओसरीवर कोऱ्या घागरी मांडून ते नुसते बसले होते. मी पाणी भरलं आणि एकेक घागर पोहोचवत राहिलो. ते काठी टेकत पुढे, एकेका खुंटाची ओळख करून देत. ही चिंच महाभांडखोर, हिच्याखाली कुणाचं लग्न जुळलं नाही. तो उंबर मात्र सगळ्या गावाला खाऊ घालायचा. शेवटची निंबाची. ती ठेवताना वडिलांचं नाव घेतलं. आप्पांनी तोंड फिरवून मला वेळ दिला.

परत आलो तर ओसरीवर एक घागर उरलेली. ही कुणाची, मी विचारलं.

"मन्ही," आप्पा म्हणाले. "पोऱ्या सुरतले शे, त्याले आखाजीनी सुटी नही. मी गऊ ते तूच भरजो. निंबना जोडे ठेवजो."

ते गेल्यावर भरायची ती घागर मी घरी आणली. खुंटाशेजारी उपडी ठेवली आहे. धक्का लागायला नको म्हणून गाडी आता बाहेर उन्हात उभी असते. रोज सकाळी आप्पा कुंपणावरून डोकावतात आणि गाडी बरी आहे का, विचारतात. गाडीची चौकशी त्यांनी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. नजर घागरीवर असते.

बरी आहे, मी म्हणतो.