राठोडबाबूंचा राजूर-वणी रस्ता

राठोडबाबू घरात शिरताना चपला बाहेर काढतात, हातपाय धुतात आणि कॉम्प्युटरपुढे बसायची वेळ झाली की पायात बूट चढवतात. साधेसुधे बूट नाहीत. कोळशाच्या खाणीत ड्यूटीला मिळायचे ते, पुढे लोखंडी टोपी असलेले, घोट्याच्या वरपर्यंत लेस बांधायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे कुठे बाहेर निघालेत, म्हणून मीही उठलो. तर ते खुर्चीत बसले, माउस हातात घेतला आणि म्हणाले, "बस न बे. ट्रक काय चपलेवर चालवते कोनी?"

आता सांगायला हवं की या माणसानं जन्मात ट्रक चालवलेला नाही. नोकरी केली ती खाणीच्या वजनकाट्यावर. काचेच्या खिडकीमागे बसायचं, भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, हात हलवायचा, की पुढचा. सगळी हयात ट्रककडे बघण्यात गेली आणि स्वतः मात्र ड्यूटीला सायकलनं जायचे. त्या काट्याची सवय जिभेवर अजून आहे. कुठलाही गोंधळ समोर आला की ते म्हणतात, "एका टायमाले काट्यावर एकच गाडी." घरी दोन पाहुणे एकदम आले तरी हेच, आणि माझी बायको व मी एकाच वेळी बोलायला लागलो तरी हेच.

मी साजिद. त्यांच्या भिंतीला भिंत लागून माझं घर आहे आणि वणीच्या बाजारात चष्म्याचं दुकान. दुपारी मी जेवायला घरी येतो. ही त्यांच्या ड्यूटीची वेळ. "साजिद, येतं का? पुलावरून खाली पडून राह्यलो!" अशी हाक पहिल्यांदा आली तेव्हा मी भरल्या ताटावरून उठून अनवाणी धावलो होतो. बाबू खुर्चीत बसलेले होते. पडत होता तो पडद्यावरचा ट्रक, आणि तो कितीतरी वेळ पडतच राहिला, कारण खाली जमीनच नव्हती.

खेळ असा की कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. मूळ खेळ परदेशी, त्यातले रस्तेही परदेशी आणि गुळगुळीत. पण जगभरचे हौशी लोक त्यात घालण्यासाठी घरबसल्या काहीबाही तयार करतात आणि इंटरनेटवर ठेवतात. कोणी ट्रक बनवतो, कोणी रस्ता, कोणी पाऊस, कोणी नुसता हॉर्न. अशा एकेका तुकड्याला मॉड म्हणतात. बाबूंनी राजूर ते वणी हा रस्ता मिळवला होता, कोळशाचा टिप्पर मिळवला होता. हॉर्न केरळातला होता, म्हशी इंडोनेशियातल्या आणि धूळ कुठल्याशा रशियन बाईची. "धूळ मातर एकदम आपल्या इकडची काढली बाईनं," असं ते तिचं कौतुक करायचे. इथवर मला समजलं. यापुढचं मला आजही नीट समजलेलं नाही. समजलं तेवढं सांगतो.

भानगड अशी की हे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत. सगळे एकत्र टाकले की काय दिसेल त्याचा नेम नाही. एकदा म्हशी झाडांच्या शेंड्यांवर उभ्या होत्या, अगदी शांतपणे. एकदा टिप्परला चाकंच नव्हती, तरी तो चालत होता. बहुतेक वेळा मात्र पडदा काळा व्हायचा आणि खेळ बंद पडायचा. मग बाबू "क्रॅश झालं" म्हणायचे आणि वाकून बुटांच्या लेस सोडायला लागायचे. बूट निघाले की त्या दिवसाची ड्यूटी संपली, मग विषय काढायचा नाही.

"काहून होते असं?" मी एकदा विचारलं.

"दोघाचा हात एकाच फायलीत हाये न. हाही म्हणते मी सांगीन तसं, थोही म्हणते मी सांगीन तसं."

"मग?"

"मंग वर-खाली लावा लागते. वरचा जिंकते. समजलं?"

मी मान हलवली. माझ्या धंद्यात न समजताही मान हलवायची सवय होते.

पण हे 'वरचा जिंकते' त्यांच्या डोक्यात असं बसलं की दुकानात येऊन त्यांनी मला घाम फोडला. त्यांना जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन चष्मे करून दिले होते. ते दोन्ही एकावर एक चढवून आले, एक डोळ्यांपाशी आणि दुसरा त्याच्या पुढे नाकाच्या शेंड्यावर. म्हणाले, "पाहून राह्यलो, कोन्ता वर ठेवला तं कोन्ता जिंकते." समोर बसलेल्या गिऱ्हाइकानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी बाबूंना सांगितलं की चष्म्यात असं नसतं, दोन्ही मिळून डोकं दुखतं. ते नाराज झाले. "मंग तुह्या धंद्यात काही सोयच नाही," म्हणाले.

आता त्यांची चूक ऐका. कोण वर आणि कोण खाली हे ठरवताना कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा असतो, म्हणजे असावा. बाबूंनी तो लग्नाच्या बैठकीसारखा लावला. वडीलधारे वर, मग त्यांच्याहून लहान, आणि शेंबडी पोरं दाराशी. रशियन बाईचा फोटो त्यांनी पाहिला होता, केस पांढरे होते. "बाईमानूस, वयानं मोठी. तिले खाली कुठं बसवू?" म्हणून तिची धूळ सगळ्यात वर ठेवली. झालं, वरचा जिंकतो. बरेच दिवस आम्हाला धुळीशिवाय काही दिसलं नाही. रस्ता नाही, ट्रक नाही, नुसती धूळ आणि तिच्या आतून केरळचा हॉर्न. मी म्हटलं, बाबू, बाईला जरा खाली बसवा. त्यांना ते पटेना. शेवटी त्यांनी पडद्याला चक्क हात जोडले, "माफ करजा बाई," म्हणाले आणि मग तिला खाली नेलं.

म्हशी जमिनीवर आल्या, धूळ चाकांपाशी आली, हॉर्न ट्रकच्या आत गेला. राहिले दोन, रस्ता आणि टिप्पर. ते काही केल्या एकत्र नांदेनात. त्यातही रस्ता बहुतेक वेळा वर. "थो मोठा हाये," बाबू म्हणायचे. रस्ता ट्रकपेक्षा मोठा असतोच, त्यात सांगायचं काय, असं मला वाटायचं.

घोळ असा होता की रस्ता बनवणाऱ्यानं रस्त्याबरोबर आपला एक ट्रकही घातला होता. आणि ट्रक बनवणाऱ्यानं ट्रकबरोबर आपला एक रस्ता दिला होता, तोही राजूर-वणीच. म्हणजे दोघांनाही दुसऱ्याची गरज नव्हती. रस्ता वर ठेवला की टिप्पर नाहीसा व्हायचा. टिप्पर वर ठेवला की एका रस्त्यावर दुसरा रस्ता चढायचा आणि क्रॅश. इंटरनेटवर पोलंडचा एक माणूस यातला जाणकार निघाला. बाबू त्याला मराठीत लिहायचे, तो त्याच्या भाषेत, आणि मधल्या मशीनला जमेल तसं भाषांतर व्हायचं. एकदा त्याचं उत्तर आलं, 'आपल्या रस्त्याला ताप आहे, कृपया त्याला बसवा.' आम्ही दोघंही त्यावर दुपारभर विचार करत बसलो.

मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "बाबू, जगात ट्रक काय कमी हायेत? यातला एक काढून टाका न, दुसरा घ्या."

ते लेस बांधत होते. हात थांबले.

"कोन्ता काढू?"

"कोन्ताही."

"कोन्ता काढू, सांग न बे!" ते ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर ते पहिल्यांदा ओरडले. मग एकदम आवाज खाली आला. "रस्ता अविनाशचा हाये. ट्रक नितीनचा हाये."

अविनाश आणि नितीन ही त्यांची मुलं. मोठा हैदराबादला, धाकटा पुण्याला. लहानपणी याच खोलीत, याच टेबलाशी दोघं एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून काहीतरी खेळायचे, ते मी पाहिलं होतं. तेव्हा एक रस्ता काढायचा आणि दुसरा त्यावर ट्रक चालवायचा. पुढे वहिनी, म्हणजे बाबूंची बायको, गेल्या. तेराव्याला दोघा भावांत वाजलं. कारण काय, तर बाबा कोणाकडे राहतील. मोठा म्हणाला माझ्याकडे, धाकटा म्हणाला माझ्याकडे. लोकांच्या घरी म्हाताऱ्याला ठेवायचं कोणी यावरून भांडतात, इथे नेण्यावरून भांडले, आणि त्यात नको ते बोलून बसले. बाबू कोणाकडेच गेले नाहीत. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते दोघं अजूनही, आपापल्या गावी, एकटे बसून तोच रस्ता आणि तोच ट्रक बनवतात, हे माहीत नव्हतं.

"मी एकाकडे जरी गेलो असतो तं एक तं खूश झाला असता," बाबू म्हणाले. मी खाली वाकून त्यांची अर्धवट राहिलेली लेस बांधून दिली.

पोलंडच्या माणसानं शेवटी उपाय सांगितला. दोघांच्या मधे बसेल असा एक छोटा तिसरा तुकडा बनवायचा, त्याला पॅच म्हणतात. बाबूंनी मला तो समजावला. "याचं स्वतःचं काही नसते. ना रस्ता, ना ट्रक. हा फक्त मधात बसून सांगते, इथं तू सरक, तिथं तू सरक." असा तुकडा बनवायला त्यांना किती दुपारी लागल्या ते मी मोजलं नाही. मी जेवून यायचो, ते एकेक ओळ बदलायचे, क्रॅश व्हायचं. पण बूट काढणं मात्र त्यांनी सोडलं होतं. बूट तसेच पायात ठेवून ते पुन्हा सुरू करायचे.

आणि एका दुपारी खेळ बंद पडला नाही. राजूरचा रस्ता समोर उलगडला, मोठ्याचा. त्यावर धाकट्याचा टिप्पर चालू लागला. बाबू श्वास रोखून चालवत होते, इतक्या हळू की इंडोनेशियाच्या म्हशी आम्हाला मागे टाकून गेल्या. वणी आली. बाजार आला, त्यात माझं दुकानही होतं, पाटीवर माझं नाव चुकीचं लिहिलेलं. मग आमची गल्ली. बाबूंच्या घराच्या दारात मोठ्यानं एक बाज ठेवली होती. वहिनी संध्याकाळी तिच्यावर बसायच्या. बाबूंनी टिप्पर गेटाला लागून दाराशी उभा केला आणि माउसनं फिरून त्याची मागची बाजू पाहिली. तिथल्या पाटीवर लाल रंगात 'याडी' लिहिलेलं होतं. राठोड बंजारा, त्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात.

बाजेसमोर तो ट्रक उभा होता.

"फोटो काढून पोरांना पाठवा," मी म्हटलं.

"आधी कोनाले पाठवू?" बाबू म्हणाले. "मोठ्याले आधी पाठवला तं लहाना म्हणीन, सदा त्यालेच आधी. लहान्याले पाठवला तं मोठा म्हणीन, मी कोनीच नाही."

"घरचा ग्रुप असेल न?"

"हाये. दोघंही निघून गेले त्यातून. मीच एकटा हाये. रोज सकाळी फूल टाकतो." हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मी खिडकीकडे पाहायला लागलो.

शेवटी असं ठरलं की मोठ्याला माझ्या फोनवरून पाठवायचा, धाकट्याला त्यांच्या, आणि बटण बरोबरच दाबायचं. आम्ही समोरासमोर बसलो, एक-दोन-तीन म्हटलं आणि दाबलं. बाबूंनी बोट उचललंच नाही, दाबूनच ठेवलं, जोर कमी पडू नये म्हणून.

त्यांचा फोन वाजला. ते उचलणार तोच माझाही वाजला. बाबू दोन्हींकडे बघू लागले, एकदा इकडे, एकदा तिकडे. मला वाटलं आता ते काट्याचं वाक्य म्हणतील. त्यांनी ते म्हटलं नाही. दोन्ही फोन उचलले, दोन्हींचे स्पीकर लावले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "बोला. मी चाय मांडतो." आणि बुटांचा धाडधाड आवाज करत स्वयंपाकघरात निघून गेले.

दोन फोन आणि मी. दोन्हींतून नुसता श्वास ऐकू येत होता. मी बोलावं का, खोकावं का, मला कळेना.

"नितीन हाये का?" एका फोनमधून आवाज आला.

दुसऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हो."

"ट्रकची पाटी गेटाले घासून राह्यली. फोटोत पाह्य."

"गेट लहान केलं तू, भिया. खरं गेट मोठं हाये."

"मोजून केलं मी."

"मोजलं कधी? तू घरी आला कधी?"

पुढचं गोरबोलीत गेलं. आवाज चढले, दोघं एकदम बोलायला लागले, कोणाचं कोण ऐकतंय कळेना. मला गोरबोली येत नाही. मी घाबरून स्वयंपाकघरात पळालो. बाबू दारामागे भिंतीला टेकून उभे होते. चहा उकळत होता त्याचा आवाज नको म्हणून त्यांनी गॅस बंद केला होता.

"बाबू, काय बोलून राह्यले ते?"

"भांडून राह्यले."

"मग चला न लवकर! काही तरी बोला मधात."

मी निघालो तर त्यांनी माझा हात धरला. डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

"राहू दे न बे," ते हळूच म्हणाले. "लय दिवसानं भांडून राह्यले."